हिशेब न सांगण्याचे राजकारण

३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी चाकणच्या तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्ग अडवण्यात आला आणि बघता बघता आंदोलनाला हिंसक वळण लागले. पीएमपी आणि एसटीच्या बसगाड्या पेटवल्या गेल्या, पोलिसांवर दगडफेक झाली, गावात जमावबंदी लागू करावी लागली. पुढे ९ ऑगस्टच्या महाराष्ट्र बंदला चाकणमधल्या बहुतेक कंपन्यांनी काम बंद ठेवले आणि खेडसह पुणे जिल्ह्यातील सात तालुक्यांत इंटरनेट सेवा खंडित करण्यात आली. त्यानंतरची चर्चा गुन्हे किती दाखल झाले, जमावात बाहेरचे किती होते आणि पोलीस कुठे कमी पडले, याभोवतीच फिरत राहिली. ते प्रश्न तपासयंत्रणेचे होते. राजकारणापुढचा प्रश्न वेगळा होता आणि तो आजही तसाच पडून आहे. ज्या पट्ट्यात सरकारी नोकऱ्या नावापुरत्या आणि खासगी कारखाने मात्र ठायी ठायी आहेत, तिथे सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी एवढा संताप का उसळावा?

उत्तर कारखान्याच्या गेटवर सापडते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि टेल्को आली, आणि ‘कंपनीत लागला’ या दोन शब्दांत एका कुटुंबाचे भवितव्य सामावू लागले. परमनंट नोकरी, युनियनने केलेला वेतनकरार, भविष्यनिर्वाह निधी, प्राधिकरणात घर, मुलांचे शिक्षण हे सारे त्यात आले. चाकणचा विस्तार झाला तोवर काळ पालटला होता. बजाजचा चाकण प्रकल्प १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा, महिंद्राचा त्याच सुमाराचा. या काळात नव्याने कामाला लागणाऱ्याची ओळख कंपनीवरून कमी आणि ठेकेदारावरून जास्त होऊ लागली. पहिल्या शिफ्टला गेटवर उभ्या असलेल्या रांगेत आयटीआय झालेला, डिप्लोमा झालेला आणि बारावी नापास असे तिघे एकाच हेल्परच्या दरावर आत जातात. कुणी ट्रेनी असतो, कुणी कंत्राटी. वर्षात २४० दिवस भरले तर कायम करण्याचा दावा सांगता येतो, म्हणून ते भरण्याआधीच अनेकांना ‘ब्रेक’ मिळतो आणि पुढच्या महिन्यात तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या कार्डावर दुसऱ्या गेटवर दिसतो. अशा तरुणाच्या नजरेत आज परमनंट म्हणण्यासारखी नोकरी एकच उरली आहे, ती म्हणजे सरकारी. तलाठ्याची, पोलिसाची, शिक्षकाची जागा त्याला का हवी आहे, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. आरक्षणाची मागणी हे त्याच्या असुरक्षिततेने शोधलेले तोंड आहे.

या रांगेची आणखी एक गोष्ट राजकारणाने पाहायला हवी होती. खेड आणि मावळ तालुक्यांत ज्यांच्या जमिनी वसाहतीसाठी गेल्या, त्यांतले बरेच जण मराठा. मोबदल्यातून कुणी घर बांधले, कुणी खोल्या काढल्या, कुणी वाहतुकीचे किंवा कामगार पुरवण्याचे कंत्राट मिळवले, तर कुणाच्या हाती काहीच उरले नाही. खेड एसईझेडमध्ये संपादित जमिनीच्या १५ टक्के परताव्याचा वाद शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे लढवावा लागला. त्याच खोल्यांत भाड्याने राहणारा, बीड, परभणी किंवा लातूरहून आलेला कामगारही बऱ्याचदा मराठाच. गायकवाड आयोगाने २०१८ साली नोंदवले की राज्यातील सुमारे ७७ टक्के मराठा कुटुंबे शेती आणि शेतमजुरीवर जगतात आणि ३७ टक्क्यांहून अधिक दारिद्र्यरेषेखाली आहेत. म्हणजे खोलीचा मालक आणि भाडेकरू यांची जात एक, पण प्रश्न पूर्ण वेगळे. उलट त्या भाडेकरूच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा वंजारी, धनगर किंवा माळी तरुण वेगळ्या जातीचा असला तरी त्याचा प्रश्न शब्दशः तोच आहे. दोघांच्या गावची जमीन वाटण्यांत संपली, दोघांनाही दर काही महिन्यांनी ब्रेक मिळतो. या दोघांना समोरासमोर उभे करणे, ही मराठा आरक्षणाच्या राजकारणाची महाराष्ट्राने मोजलेली सर्वांत मोठी किंमत आहे.

हे सारे ज्याला आकड्यांसह ठाऊक होते आणि ज्याचा शब्द मराठा व ओबीसी अशा दोन्ही बाजूंनी ऐकला गेला असता, असा नेता राज्यात एकच होता: शरद पवार. चार वेळा मुख्यमंत्री, देशाचे संरक्षणमंत्री, सलग दहा वर्षे केंद्रीय कृषिमंत्री, सहकारापासून कारखानदारीपर्यंत प्रत्येक व्यवहाराची नस माहीत असलेला माणूस. पिंपरी-चिंचवड महापालिकेवर २०१७ पर्यंत दीर्घकाळ त्यांच्या पक्षाचा झेंडा होता. म्हणून या प्रश्नाचे मूल्यमापन करताना मोजमाप त्यांचेच घ्यायला हवे. ज्याची कुवत कमी त्याच्या अपयशातून काही शिकता येत नाही. ज्याची कुवत सर्वाधिक होती, तो का कमी पडला, यातून शिकता येते. माझ्या मते पवारांचे नेतृत्व या प्रश्नावर अपयशी ठरले, कारण त्यांनी आरक्षणाचा हिशेब लोकांपुढे कधी मांडलाच नाही. देता येईल किती, कोणाच्या वाट्यातून, कोणत्या कायद्याने आणि त्यातून नोकऱ्या किती मिळतील, या चार गोष्टी त्यांनी एकाही टप्प्यावर एकत्र सांगितल्या नाहीत. दोन्ही बाजूंच्या आशा जिवंत राहतील एवढीच संदिग्धता ते राखत गेले. संदिग्धतेने पक्ष एकसंध राहू शकतो, समाज राहत नाही.

हा आरोप वाटेल, म्हणून त्यांच्याच कारकिर्दीतला उलट पुरावा आधी पाहू. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, तेव्हा पवार नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. ठराव झाला, पण समाजाची तयारी झालेली नव्हती. मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली आणि निर्णय लटकला. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, तेच पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना तो अमलात आला. या वेळी आधी संवाद झाला, ‘मराठवाडा’ हे नाव कायम ठेवून विस्तार केला गेला, नांदेडला त्याच वर्षी स्वतंत्र विद्यापीठ झाले. तडजोड होती, पण ती उघड होती आणि तिची कारणे लोकांना सांगितली गेली होती. त्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरण आले, स्थानिक स्वराज्य संस्थांत ओबीसींसाठी २७ टक्के जागा राखीव झाल्या. १९९५ मध्ये काँग्रेसची सत्ता गेली. पराभवाला इतरही कारणे होती, तरी नामविस्ताराची किंमत त्यात होती, हे नाकारता येत नाही. आपल्याच सामाजिक पायाला न रुचणारी गोष्ट त्याच्या तोंडावर सांगण्याची, ती पचवायला वेळ देण्याची आणि शेवटी किंमत मोजण्याची क्षमता या नेत्यात होती. म्हणूनच पुढचे मौन अधिक खटकते.

मराठा आरक्षणाची मागणी अचानक उपटलेली नव्हती. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांनी मार्च १९८२ मध्ये मुंबईत मोर्चा काढला आणि मागणी मान्य न झाल्याने दुसऱ्याच दिवशी आयुष्य संपवले. पाठीवर गोणी वाहणाऱ्यांच्या या पुढाऱ्याची मागणी आर्थिक निकषावरच्या आरक्षणाची होती, हे आज विसरले जाते. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांची मर्यादा घालून दिली. महाराष्ट्रात अनुसूचित जाती १३, जमाती ७, इतर मागासवर्ग १९, भटके-विमुक्त ११ आणि विशेष मागास प्रवर्ग २ अशी बेरीज आधीच ५२ होते. म्हणजे प्रश्नाचे गणित गेली तीन दशके सर्वांसमोर आहे. २००८ मध्ये बापट आयोगाने मराठा समाजाला ओबीसीत घेण्यास प्रतिकूल अहवाल दिला. तेव्हा राज्यात आणि केंद्रात पवारांचा पक्ष सत्तेत होता. तो अहवाल हाती घेऊन गावोगावी जाऊन बोलण्याची हीच वेळ होती. तसे झाले नाही. मे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस आणि पवारांच्या पक्षाची आघाडी ४८ पैकी ६ जागांवर आली आणि सहा आठवड्यांच्या आत, २५ जूनला, मंत्रिमंडळाने मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण जाहीर केले. विधानसभा निवडणूक चार महिन्यांवर होती. पंधरा वर्षांत न झालेला निर्णय पराभवानंतर सहा आठवड्यांच्या आत होतो, तेव्हा त्यामागची घाई लोकांना दिसते आणि न्यायालयालाही. १४ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

यानंतर एकदा मात्र पवार मोकळेपणाने बोलले. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात राज ठाकरे यांनी घेतलेल्या जाहीर मुलाखतीत त्यांनी आरक्षणासाठी आर्थिक निकषाचा पुरस्कार केला. टीका झाल्यावर अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण कायम राहावे, असा खुलासाही केला. पटो न पटो, ही एक भूमिका होती आणि ती अण्णासाहेब पाटलांच्या मूळ मागणीशी नाते सांगणारी होती. त्यावर राज्यभर वाद घडवून आणायला हवा होता. पण पाच महिन्यांनी चाकण पेटले तेव्हा ती भूमिका कुठे दिसेना. तोवर चर्चा घटनादुरुस्तीवर आली होती. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी १६ टक्क्यांचे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना, एकमताने संमत झाले. ज्या प्रश्नावर रस्त्यावर माणसे जीव देत होती, त्यावर विधानसभेत एकाही पक्षाने एक शंका काढली नाही. त्या एकमतात पवारांचा पक्षही होता. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. ५० टक्क्यांपलीकडे जाण्याइतकी असाधारण परिस्थिती नाही आणि सरकारी सेवेत मराठा समाजाचे प्रतिनिधित्व अपुरे नाही, असे सांगितले. यातली एकही कसोटी २०१८ मध्ये नवी नव्हती.

पुढचा अध्याय अधिक कटू आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, मनोज जरांगे पाटील यांचे नेतृत्व उभे राहिले आणि मागणी कुणबी नोंदींवरून ओबीसी प्रवर्गात येण्याची झाली. आता प्रश्न रिकाम्या ताटाचा उरला नाही, दुसऱ्याच्या ताटाचा झाला. छगन भुजबळ ओबीसींच्या बाजूने उभे राहिले, गावांत एकमेकांच्या दुकानांवर बहिष्काराची भाषा ऐकू येऊ लागली. याच दिवसांत, ६ सप्टेंबर २०२३ रोजी, राज्य सरकारने बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी पदभरतीचा शासन निर्णय काढला होता; ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. ज्या नोकऱ्यांत वाटा मागण्यावरून दोन समाज भांडत होते, त्या नोकऱ्याच ठेकेदाराकडे चालल्या होत्या. चाकणच्या गेटवरची पद्धत मंत्रालयात पोचली, हे सांगून दोन्ही बाजूंना एका जागी आणण्याची याहून मोठी संधी मिळाली नसती. पवार अंतरवालीला गेले, जखमींना भेटले, पण हे गणित मांडले गेले नाही. जुलै २०२४ मध्ये सरकारने बोलावलेल्या सर्वपक्षीय बैठकीवर पवारांचा पक्ष असलेल्या महाविकास आघाडीने बहिष्कार घातला. काही दिवसांनी भुजबळच पवारांच्या घरी गेले आणि मध्यस्थी करा म्हणाले. राजकीय विरोधकालाही हे दार ठोठवावेसे वाटले, यावरून या नेत्याचे वजन कळते आणि ते वापरले न गेल्याची हानीही.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा. ५० टक्क्यांची अट हाच खरा अडसर आहे, ती उठवण्यासाठी केंद्राने घटनादुरुस्ती करावी, तमिळनाडूत ६९ टक्के आरक्षण आहेच, असे पवारांनी वारंवार सांगितले आहे. मागणी वैध आहे. आर्थिक दुर्बलांचे १० टक्के आरक्षण मर्यादेबाहेर असूनही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते मान्य केले, हेही खरे. पण त्या निकालात ५० टक्क्यांची मर्यादा सामाजिक मागासलेपणावरच्या आरक्षणाला लागू धरली गेली. तमिळनाडूचा कायदा १९९४ साली ७६ व्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेला. त्यानंतर २००७ मध्ये, एप्रिल १९७३ नंतर त्या परिशिष्टात घातलेले कायदेही तपासता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. हा रस्ता आहे, पण तो लांबचा आणि बेभरवशाचा. तो सुचवणारा नेता २००४ ते २०१४ केंद्रीय मंत्रिमंडळात होता. त्या दहा वर्षांत या दुरुस्तीसाठी लढा दिला असता, तर आजच्या शब्दाला धार असती. विरोधात बसल्यावर आठवलेली दुरुस्ती समोरच्यावर ढकललेली जबाबदारी वाटते.

दुसरा आक्षेप न्यायाचा: एकट्या पवारांनाच का धरायचे? निर्णय तर देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे, एकनाथ शिंदे यांच्या सरकारांनी घेतले. हे बरोबर आहे. २०१८ चा कायदा न्यायालयात टिकला नाही; २० फेब्रुवारी २०२४ चा १० टक्क्यांचा कायदा त्याच मर्यादेला पुन्हा सामोरा गेला; हैदराबाद गॅझेटमधील कुणबी नोंदींचा आधार घेणाऱ्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने एका समाजाचे उपोषण सोडवले आणि दुसऱ्या समाजात धास्ती पेरली. केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांनीही १०२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या मागास प्रवर्ग ठरवण्याच्या अधिकाराबाबत झालेला गोंधळ निस्तरायला निकाल लागेपर्यंत वाट पाहिली. प्रत्येकाच्या वाट्याला दोष आहे. पण बाकीच्यांपैकी कुणाकडेही दोन्ही समाजांत चार-पाच दशकांची पुण्याई नव्हती. मराठा समाज ज्याला आपला मानत होता आणि मंडल राबवल्याबद्दल ओबीसी ज्याचे ऋण मानत होते, तो एकच दुवा होता. दुवा तुटतो तेव्हा दोष दोन्ही टोकांचा असतो, पण नुकसान दुव्यावर विसंबलेल्यांचे होते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: स्पष्ट बोलला असता तर पक्ष संपला असता. मग न बोलून काय मिळाले ते पाहावे. २०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यातल्या नाराजीचा लाभ मिळाला आणि पवारांच्या पक्षाने लढवलेल्या १० पैकी ८ जागा जिंकल्या. बीडची जागा अवघ्या साडेसहा हजार मतांनी आली. सहा महिन्यांत विधानसभेला ८६ पैकी १० जागा हाती लागल्या. या निकालालाही अनेक कारणे आहेत, पण जातीय ध्रुवीकरणातून मिळालेला लाभ टिकत नाही आणि उलटतो, एवढे यातून दिसले. मौन सुरक्षित असते हा समज राजकीय हिशेबातही खरा ठरला नाही.

आरक्षण निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. अभियांत्रिकीच्या, वैद्यकीयच्या प्रवेशात आणि स्पर्धा परीक्षेत त्याने फरक पडतो. ज्या घरात पहिली पदवी येते तिथे तो पिढी बदलणारा असतो. म्हणूनच त्याबद्दल खरे बोलणे अधिक गरजेचे होते. मराठा तरुणांसाठीची ‘सारथी’ संस्था, वसतिगृहे, शुल्क प्रतिपूर्ती यांना आरक्षणाइतकेच राजकीय बळ द्यायला हवे होते. आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यासाठी तर मागणी स्वच्छ होती: कायम स्वरूपाच्या कामाला कायम कामगार, ठेकेदारीवर कठोर तपासणी, प्रशिक्षणार्थीला उत्पादनाला जुंपण्यावर बंदी, जमीन गेलेल्याला वेळेत परतावा. या मागण्यांत मराठा, माळी, वंजारी, बौद्ध, मुस्लिम सगळे एका रांगेत येतात. कामगार आणि शेतकरी ही दोन्ही खाती कळणाऱ्या नेत्याने ती रांग उभी केली असती, तर जातीच्या रांगा एवढ्या लांबल्या नसत्या.

या प्रश्नात महाराष्ट्राला मिळालेला सर्वांत समर्थ मध्यस्थ मध्यस्थी न करताच बाजूला राहिला, हा माझा निष्कर्ष आहे. तो एका माणसाबद्दलचा राग नाही. राजकारणाच्या एका सवयीवरचा आहे, आणि ती सवय आपण मतदारांनीच पोसली आहे. म्हणून इथून पुढे कोणत्याही पक्षाचा नेता व्यासपीठावरून आरक्षणाचे आश्वासन देईल तेव्हा टाळी वाजवण्याआधी विचारा: कोणाच्या वाट्यातून, कोणत्या कायद्याने आणि भरणार असलेल्या किती कायम जागांवर? उत्तर आकड्यांत आले तरच विश्वास ठेवा. मराठ्यांनी हे विचारायला हवे आणि ओबीसींनीही, कारण चाकणच्या गेटवर ब्रेक मिळताना दोघांच्याही जातीचा दाखला कुणी पाहत नाही.